शिवणीतली माया

आमच्या दुकानातला कुठलाही अंगरखा उलटा करून बघा. काखेखाली दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड आत दुमडलेलं दिसेल आणि त्यावर जुन्या टाक्यांच्या रेघा. एक उसवलेली, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. मखमलीतून सुई एकदा गेली की खूण राहतेच. त्यामुळे तो अंगरखा किती जणांसाठी सैल केला आणि किती जणांसाठी आवळला, हे बोटाने मोजता येतं. आत राखून ठेवलेल्या या जादा कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. "माया किती सोडलीस?" हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, प्रत्येक नव्या कारागिराला पहिला प्रश्न असायचा. कारागिराने अर्धा इंच म्हटलं की अण्णा कापड त्याच्या हातातून काढून घ्यायचे.

कोल्हापुरात आमचं नाटकाच्या कपड्यांचं दुकान आहे. लोक त्याला ड्रेपरी म्हणतात, जुनी नाटकवाली माणसं कपडेपट म्हणायची. अण्णांनी ते उभं केलं, आता मी बघते. इथे येणारं गिऱ्हाईक नुसतं भाडं विचारून जात नाही. माप घेताना माणूस बोलतो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. दोन्ही हात बाजूला करून, श्वास सोडून, दुसऱ्याच्या हातातल्या टेपच्या स्वाधीन होऊन उभं राहिलं की मनातलं आपोआप बाहेर येतं. पोरीचं लग्न ठरेना, भावाने वाटणी मागितली, एकांकिकेतल्या नायिकेवर खरंच जीव जडलाय, सगळं. आणि मग प्रश्न येतात. ताई, तुम्हाला काय वाटतं?

पैशाचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. "भाड्याच्या पैशात थोडी भर घातली तर नवीनच मिळतो की मोबाईलवर, मग भाड्याने का घ्यायचा?" शाळेतल्या पोरांचे आईवडील हे विचारतात तेव्हा त्यांचं चुकत नाही. मी त्यांना मागवलेला ड्रेस आणि आमचा ड्रेस दोन्ही उलटे करून दाखवते. मागवलेल्याच्या शिवणीला माया नसते. कापडाच्या अगदी कडेवरून ओव्हरलॉकची शिलाई फिरवलेली असते. कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात. तिथे एका नगाला अर्धा इंच वाचला तरी हजार नगांचं केवढं तरी कापड वाचतं, म्हणून माया हा तिथे तोटा असतो. तो ड्रेस ज्या मापाचा त्याच मापाचा राहतो. पोरगं वर्षभरात चार बोटं वाढतं आणि ड्रेस कचऱ्यात जातो. आमच्याकडचा बालशिवाजीचा एक अंगरखा मी स्वतः शाळेत असताना नेला होता. तो अजून भाड्याला जातो.

पण हेही खरं की या धंद्यात पैसा कपाटात झोपून असतो. आमचं पंचांग वेगळं आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाई लागतात, एकाच सकाळी वीस-पंचवीस शाळांतून, सगळ्या तिसरी-चौथीतल्या, सगळ्यांना नऊवारी आणि कपाळावर आडवी चिरी. १९ फेब्रुवारीला शिवजयंती. पाडव्याला शोभायात्रा, ६ जूनला राज्याभिषेक दिन. आषाढीला विठोबा, रखुमाई आणि इवले इवले वारकरी. गोकुळाष्टमीला कृष्ण, १५ ऑगस्टला भारतमाता. नवरात्रात चनियाचोळ्या. मग दिवाळीनंतर राज्य नाट्यस्पर्धेच्या हौशी संस्था आणि डिसेंबरभर स्नेहसंमेलनं. एखादा मुकुट वर्षातून दोन दिवस कमावतो आणि उरलेले दिवस त्याला वाळवीपासून, कसरीपासून आणि आमच्याकडच्या पावसापासून सांभाळायचं असतं. मखमल धुता येत नाही. घामाने भिजलेली मखमल उलटी करून सावलीत वारं लागेल अशी टांगायची, मग कोवळ्या उन्हात तासभर, मग पुन्हा सावलीत. घाईने कडक उन्हात टाकली की रंग उडतो. कॉलरला लागलेला मेकअपच्या पॅनकेकचा रंग ओल्या फडक्याने एकाच दिशेने पुसायचा. या कामाचं भाडं कुणी वेगळं देत नाही, ते त्या एका दिवसाच्या भाड्यातच धरलेलं असतं.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा हे पंचांगच थांबलं. शाळा बंद, नाट्यगृहं बंद, जत्रा बंद. त्याच्या आधीच ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात छातीइतकं पाणी आलं होतं. आमचं दुकान पंचगंगेच्या अंगाला, उतारावर. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा लाल मखमलीचा रंग खाली ठेवलेल्या पांढऱ्या बाराबंद्यांवर उतरला होता. तीस-चाळीस बाराबंद्या गुलाबी झालेल्या, वर चिखलाचा थर. अण्णा पायरीवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी हौशी संस्थांची पोरं आली. कुणी बोलावलं नव्हतं. त्यातली काही मागच्या वर्षीचं भाडं थकवलेली होती. त्यांनी कपडे टेम्पोत भरले आणि वरच्या भागात राहणाऱ्या एकाच्या गच्चीवर नेऊन दोऱ्या बांधल्या. आठ दिवस त्या गच्चीवर राजे, सरदार, वारकरी, यमदूत असे सगळे ओळीने वाळत होते. थकलेलं भाडं अण्णांनी पुन्हा मागितलं नाही. बाजारात 'माया जमवली' म्हणतात ते पैशाबद्दल. अण्णांनी तशी माया जमवली नाही, पण २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा अर्ध्या तासात पंधरा जणांनी दुकान रिकामं करून माळ्यावर चढवलं होतं. धंद्याच्या वहीत हे कुठल्या बाजूला लिहायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला ते जमेच्या बाजूला लिहावंसं वाटतं.

कपड्यांबद्दलचे प्रश्न शिक्षक मंडळींकडून येतात आणि त्यांत मला सगळ्यात जास्त रस असतो. एका बाईंनी विचारलं होतं, "मावळ्याला चकचकीत सॅटिन कसं काय?" त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. सतराव्या शतकातल्या डोंगरातल्या माणसाच्या अंगावर पॉलिएस्टरचं सॅटिन येईल कुठून? अण्णा मावळ्यांसाठी इचलकरंजीहून मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड, आणायचे, घरी रंगवायचे, मग मुद्दाम दगडावर घासायचे. सॅटिनवर रंगमंचाचा प्रकाश पडला की ते पाण्यासारखं चमकतं आणि माणसाचा चेहरा मागे पडतो. मांजरपाट प्रकाश पिऊन घेतं, चेहरा पुढे येतो. पण शाळांना सॅटिनच हवं असतं, कारण फोटोत ते उठून दिसतं. मी दोन्ही ठेवते. कुणी विचारलं तर मात्र मांजरपाटच काढून देते आणि का ते सांगते.

दुसरा नेहमीचा प्रश्न शिवलेल्या नऊवारीचा. "ही खरी नऊवारी का?" हे विचारताना आजी नातीकडे बघत असते आणि नात माझ्याकडे. मी मनापासून सांगते, मला शिवलेल्या नऊवारीचा राग येत नाही. सातवीतली मुलगी नाचताना निऱ्या सुटतील या धाकात राहण्यापेक्षा काष्टा शिवलेला बरा. पण ती नऊ वारांची राहत नाही, हेही सांगते. कापताना कापड वाचवतात आणि ओच्याची ती भरदार घडी जाते. खरं नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट कापड, एकही टाका न घालता, नुसत्या गाठीवर आणि खोचण्यावर अंगावर उभं राहणारं. माझ्या आजीकडे इलकलचं इरकल होतं, लाल टोपपदराचं. त्याचा पदर आणि अंग वेगवेगळ्या धाग्यांचं असतं आणि विणकर मागावरच ते एकमेकांत अडकवून जोडतात. त्या जोडाला कोंडी म्हणतात. आजी तो जोड बोटांनी चाचपून साडी उलटी की सुलटी ते अंधारात ओळखायची. पहाटे पाचला दिवा न लावता नेसायची. हे मला यायला हवं म्हणून तिने मला बाराव्या वर्षी शिकवलं आणि आता ज्या मुलीला हवं असेल तिला मी शिकवते, पैसे न घेता. अर्धा तास लागतो. पहिल्या वेळी निऱ्यांचं केळं नीट बसत नाही, दुसऱ्या वेळी बसतं.

नाटकाचे कपडे आणि पैसा म्हटलं की इथली जुनी माणसं बालगंधर्वांवर येतात. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे दोघेही बाजूला झाले आणि मंडळी एकट्या बालगंधर्वांच्या खांद्यावर आली. रंगमंचावर उंची शालू, अस्सल जर, उंची अत्तरं. घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला आणि अंबाडा घालायला लागल्या होत्या. आणि कर्ज असं डोंगराएवढं झालं की ते फेडण्यातच उमेदीची वर्षं गेली. "एवढा खर्च कशाला? पिटातल्या माणसाला खरी जर दिसते थोडीच?" असं मला विचारतात. अण्णांचं मत मला पटतं. ते म्हणायचे, खरा शालू प्रेक्षकाला दिसण्यासाठी नसतोच, तो नेसणाऱ्याला जाणवण्यासाठी असतो. जरीच्या पदराला वजन असतं. ते खांद्यावर आलं की मान आपोआप सरळ होते, पाऊल जपून पडतं, वळताना पदराला वेळ द्यावा लागतो. नकली जरीत माणूस भरभर चालतो. मी कितीतरी मुलींना तालमीत ओढणी खोचून बघितलं आहे आणि मग प्रयोगाच्या दिवशी खऱ्या पदरात. आवाजसुद्धा बदलतो.

तरी कर्जाचा भाग मला अण्णांइतका सहज सोडून देता येत नाही. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि आमच्या कोल्हापूरचे केशवराव भोसले एका नाटकात उभे राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले, अवघे एकतीस वर्षांचे. देशासाठी एका रात्रीत पैसा उभा करून देणारी ही माणसं स्वतःसाठी कधी हिशोब मांडत नव्हती. लोक त्यांच्यावर अतोनात प्रेम करत होते आणि ते प्रेम तिकिटाच्या पैशापुरतंच त्यांच्या हाती येत होतं. कलावंत गरिबीत गेला की आपण हळहळतो आणि तो जिवंत असताना मात्र पासाची चौकशी करतो. माझ्या काउंटरवर उभं राहून भाड्यात घासाघीस करणाऱ्या पोरांना मी हे ऐकवते. मग भाडं कमीही करते, कारण त्यांच्या खिशात खरोखरच नसतात.

ज्या केशवराव भोसले नाट्यगृहात ही पोरं स्पर्धा करायची, ते शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही गच्चीवरून आभाळ लाल झालेलं बघितलं. सकाळी तिथे गेलो तर मोठी माणसं उघड्यावर रडत होती. अण्णांनी त्या विंगेत हातात सुईदोरा घेऊन आयुष्यातल्या किती रात्री काढल्या असतील. ते बघायला अण्णा नव्हते, याचं त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

राहिला प्रेमाचा प्रश्न. तो नेहमी हळू आवाजात येतो.

गेल्या वर्षी तुळशीची लग्नं झाल्यावर एक मुलगी आली. पतसंस्थेत नोकरी करणारी, हातात जेवणाचा डबा, संध्याकाळी सुटल्यावर थेट आलेली. बराच वेळ ठुशी आणि कोल्हापुरी साज बघत राहिली. दुकानात दुसरं कुणी उरलं नाही तेव्हा म्हणाली, "ताई, एक विचारू? रागवू नका. खऱ्या लग्नात भाड्याचा शालू नेसला तर चालतो का?"

मुलाचं गॅरेज होतं, भाड्याच्या जागेत. दोघांनी मिळून ठरवलं होतं की शालूचे आणि हॉलचे पैसे जागेच्या अनामतीला घालायचे. घरच्यांनी हॉलचं ऐकलं होतं, शालूवर अडलं होतं. मी तिला म्हटलं, प्रेम असल्यावर शालू नसला तरी काय बिघडतं, साधी साडी नेस. माझ्या तोंडून ते निघालं आणि लगेच कळलं की चुकलं. ती म्हणाली, "नाही ताई. मला शालू नेसायचाच आहे. फक्त कपाटात ठेवायला नकोय."

कपड्यांचं एवढं नीट मत मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. लग्नासाठी कर्ज काढणारी माणसं मी रोज बघते. मापं देताना तीच सांगतात, हप्ता किती, किती वर्षं. तो हप्ता नव्या संसारात पहिल्या दिवसापासून जेवायला बसतो. नवरा-बायकोची पहिली भांडणं त्याच्यावरूनच होतात, हे माझं प्रामाणिक मत आहे आणि ते मी कुणाच्याही तोंडावर सांगते. पण म्हणून त्या दिवशी नटायचं नाही, असं म्हणणं मला आवडत नाही. कपडा हा खोटेपणा असतो असं मानणारी माणसं या धंद्यात टिकत नाहीत. घरातला नेहमीचा माणूस त्या दिवशी वेगळा दिसावा, त्याने आपल्याकडे वेगळं बघावं, ही हौस खरी असते आणि तिला किंमत असते.

आई मागच्या खोलीत भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

आईचा शालू डाळिंबी रंगाचा, १९८१ सालच्या लग्नातला, बनारसी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी एका संस्थेला राणीसाठी शालू हवा होता आणि दुकानात नव्हता. अण्णांनी आईकडे मागितला. तिने दिला, पण एक अट घातली. नाटकात जिचा नवरा मरतो तिला तो द्यायचा नाही. तेव्हापासून शालू मागायला आलेल्या प्रत्येक संस्थेला अण्णा आधी नाटकाचा शेवट विचारायचे. लोकांना वाटायचं, माणसाला नाटकाचा केवढा नाद! पानिपताच्या कथेला तो गेला नाही, रमा-माधवाच्या कथेला गेला नाही. ऐतिहासिक नाटकांत नवरा जिवंत राहतो अशी नाटकं किती? चांगलं भाडं देणारी गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली. चाळीस वर्षं अण्णांनी तो तोटा सोसला आणि कधी बोलून दाखवला नाही. मला हे सगळं अण्णा गेल्यावर आईने सांगितलं, तेही मी शालू एका राणीसाठी काढायला गेले तेव्हा. मला त्यात अंधश्रद्धा बघावीशी वाटत नाही. एका माणसाने दुसऱ्याची भीती आपल्या धंद्याच्या नियमात लिहून घेतली, एवढंच मला त्यात दिसतं. प्रेमाबद्दल कुणी विचारलं तर मला हेच सांगता येतं, दुसरं काही माहीत नाही.

आईने हात धुतले, वर गेली आणि ट्रंकेतून शालू घेऊन खाली आली. दोन्ही पुरांत तो माळ्यावर होता, म्हणून वाचला. घड्या मोडत नीट उलगडून तिने तो काउंटरवर पसरला. पदराच्या एका कोपऱ्यावर ग्रीजपेंटचा फिकट डाग आहे, तो दाखवला. "हा निऱ्यांच्या आत जाईल असा पदर घ्यायचा," म्हणाली. मग त्याच्यावरचं पोलकं त्या मुलीच्या पाठीला लावून बघितलं. आखूड होत नव्हतं, पण छातीत आणि दंडात आवळत होतं. आईने चष्मा लावला, पोलकं उलटं केलं. आत तीन रेघा होत्या, तीन वेगवेगळ्या राण्यांच्या. चौथीपुरतं कापड अजून शिल्लक होतं. ब्लेडच्या टोकाने ती एकेक टाका उचलून कापत गेली. मुलगी तिच्याजवळ स्टुलावर बसून सुटलेले दोरे गोळा करत होती.

"मुलगा कसा आहे?" आईने मान वर न करता विचारलं.

"शांत आहे, काकू. मला बसने यायला उशीर झाला की स्टँडवर येऊन थांबतो. बोलत नाही काही."

आई काही म्हणाली नाही. टाके कापून झाल्यावर तिने अण्णांची वही ओढली. तिच्यात रकाने आहेत, दिनांक, संस्था, नाटक, पात्र, भाडं, अनामत. संस्थेच्या रकान्यात तिने मुलीचं नाव लिहिलं. नाटकाच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं, मग तिथे 'लग्न' लिहिलं. पात्र, 'नवरी'. भाड्यापुढे एकशे एक रुपये. अनामतीच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

"परत कधी देशील?"

"सोमवारी पूजा आहे," मुलगी म्हणाली. "मंगळवारी ऑफिस सुटल्यावर आणते."